डोडो, एक झाड आणि न लावलेल्या बिया

मंडळी, आज आपण एक पेपर वाचणार आहोत. जेमतेम दोन पानांचा आहे, त्यामुळे घाबरू नका. १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो आला आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांमध्ये सांगितला जातोय. तुमच्यापैकी कुणी पर्यावरणशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेतलं असेल, तर लेखकाचं नाव माहीत नसलं तरी गोष्ट ऐकलेली असणार. मॉरिशस बेटावरचा डोडो पक्षी नामशेष झाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं एक झाडही त्याच्या मागोमाग मरणपंथाला लागलं. बी इतकं कठीण की डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजायचंच नाही. मग एका शास्त्रज्ञानं टर्कीला त्या बिया खायला घातल्या, बाहेर पडलेल्या बिया पेरल्या, आणि तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्या झाडाची रोपं उगवली.

गोष्ट सुंदर आहे ना? मीही ती पुष्कळदा सांगितली आहे. पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितली. उरणला पाणथळींवर बोलायला बोलावलं होतं, तिथंही सांगितली. ‘एक पक्षी गेला की त्याच्याबरोबर काय काय जातं बघा’, असा शेवट केला. टाळ्या पडल्या.

रात्री घरी जेवताना काकांनी विचारलं, भाषण कसलं केलंस. मी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतली, आणि हात धुवायला उठता उठता म्हणाले, “मंग बाय, कोंबऱ्यानं खाल्ल्या नाय त्या बिया लावल्या का त्यानं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. याचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तो पेपर वाचलेलाच नव्हता. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचला होता आणि पुढचं यूट्यूबनं पुरवलं होतं. काका शाळा अर्ध्यात सोडलेले, आयुष्य खारेपाटातल्या भातशेतीत गेलेलं. नवं बियाणं आलं की ते राबात एका बाजूला नवं टाकतात आणि शेजारी जुनं टाकतात. दोन्हीकडे माती तीच, पाणी तेच. मगच ठरवतात नवं चांगलं की वाईट. त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्न अगदी साधा होता. आपण संशोधनपद्धतीच्या पेपरात ज्याला ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणतो आणि व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवतो, तोच प्रश्न.

त्या रात्री मी पेपर उघडला. नंतर त्यावर आलेले आक्षेप वाचले. आज ते सगळं तुमच्यापुढे ठेवते.

आधी बेट समजून घ्या

मॉरिशस हिंदी महासागरात, मादागास्करच्याही पूर्वेला आहे. मुख्य बेट आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण एक चतुर्थांश. आपल्याला हे नाव परकं नाही. एकोणिसाव्या शतकात गिरमिट करारावर ऊसमळ्यांत राबायला गेलेल्या भारतीयांत कोकणातली माणसंही होती, आणि त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथं आहे.

पण माणूस तिथं वस्तीला गेला तो फार उशिरा. डच दर्यावर्दी १५९८ मध्ये उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता आणि जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत फक्त वटवाघळं होती. उंदीर, डुक्कर, माकड, हरीण यांपैकी मूळचं कुणीच नाही. समुद्र ओलांडून जे येऊ शकले ते पक्षी, सरडे, साप, कासवं आणि वटवाघळं. शिकारी सस्तन प्राणी नसल्यामुळे या मंडळींनी मोकळ्या राहिलेल्या जागा भरून काढल्या. कबुतराच्या कुळातला एक पक्षी मोठा होत होत उडायचं विसरला, तो डोडो. २००२ साली डीएनएवरून कळलं की त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निकोबार कबुतर आहे, म्हणजे आपल्याच निकोबार बेटांवर आढळणारा पक्षी. न उडणारी लाल पाणकोंबडी होती, मोठ्या डोक्याचा रुंद चोचीचा पोपट होता, दोन जातींची राक्षसी कासवं होती. हे सगळे गेले. शेजारच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावर एक बोआ साप अजून आहे, ज्याच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध सांध्यानं जोडलेलं आहे.

डोडोचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सतराव्या शतकात सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, आणि जहांगीराच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याचं म्हणून ओळखलं जाणारं डोडोचं चित्र आज रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. डोडो कसा दिसायचा यासाठी अभ्यासक आजही त्या चित्राकडे जातात.

डोडो शेवटचा नक्की पाहिल्याची नोंद १६६२ ची. उरलेल्या नोंदींचं गणित मांडून तो १६९० च्या सुमारास संपला असावा, असा एक अंदाज २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरं, माकडं आणि जंगलतोड ही कारणं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेपर काय म्हणतो

लेखक स्टॅनली टेम्पल, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे. झाडाचं स्थानिक नाव ताम्बालाकोक. तेव्हाचं शास्त्रीय नाव कॅल्व्हेरिया मेजर, आताचं सायडरॉक्सिलॉन ग्रँडिफ्लोरम. युक्तिवाद चार पायऱ्यांचा आहे. मी मुद्दाम सुट्या करून लिहिते, कारण पेपर वाचताना पहिलं काम हेच असतं.

पहिली पायरी: १९७३ मध्ये या झाडाची फक्त १३ जुनी, खंगलेली झाडं उरली होती, आणि त्यांचं वय तीनशे वर्षांहून जास्त असावं असा अंदाज होता.

दुसरी: ही झाडं बिया धरतात, पण त्या रुजत नाहीत. बीवरचं कवच १५ मिलिमीटरपर्यंत जाड असतं.

तिसरी: डोडो साधारण तीनशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. म्हणजे डोडो जाणं आणि नवी झाडं येणं थांबणं हे एकाच वेळचं.

चौथी, प्रयोग: डोडो नाही म्हणून टर्कीला १७ बिया भरवल्या. ७ पोटातल्या पेषणीत फुटल्या. १० बिया घासून निघालेल्या अवस्थेत बाहेर आल्या. त्या पेरल्या, ३ रुजल्या.

निष्कर्ष: डोडो आणि झाड एकमेकांबरोबर उत्क्रांत झाले. डोडोच्या पेषणीत टिकावं म्हणून कवच जाड होत गेलं, इतकं की शेवटी घासल्याशिवाय कोंब बाहेर येईना. डोडो संपला तेव्हाच झाडाचंही भवितव्य ठरलं.

आधी चांगलं काय ते बोलूया

नवशिक्या संशोधकांची एक सवय मी स्वतःत पाहिली आहे. चूक सापडली की आपण लेखकाला मूर्खात काढतो. टेम्पल मूर्ख नव्हते. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त ४ उरला होता. त्याला पिंजऱ्यात वाढवून वाचवायच्या कामाची सुरुवात १९७३ मध्ये टेम्पल यांनीच केली होती. खुर्चीत बसून लिहिणारा माणूस नाही हा.

पेपरमध्येही तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. गृहीतक स्पष्ट आहे, म्हणजे ते खोटं ठरवता येतं. प्रयोग करून पाहिला आहे, नुसती कल्पना मांडून सोडलेली नाही. आणि आकडे लपवलेले नाहीत. १७, ७, १०, ३ हे सगळे आकडे त्यांनी स्वतः दिलेत. पुढचं सगळं टीकाकाम आपल्याला त्यांच्याच आकड्यांवर करता येतं. तुमच्या प्रबंधाबद्दल पन्नास वर्षांनी कुणी एवढं म्हटलं तरी खूप झालं.

आता काकांचा प्रश्न.

न लावलेल्या बिया

टेम्पल यांनी टर्कीनं न खाल्लेल्या बिया शेजारी लावल्या नाहीत. झालं. ‘पोटातून गेल्यामुळे रुजल्या’ या वाक्यातला ‘मुळे’ तिथंच सुटतो. कदाचित त्या तीन बिया एरवीही रुजल्या असत्या. कदाचित त्यांना रोपवाटिकेतली माती, सावली, नियमित पाणी मानवलं. कदाचित गर निघून गेल्यामुळे बुरशी लागली नाही, कवच घासलं जाण्याशी काही संबंधच नाही. पेपर वाचून यातलं काय खरं ते सांगता येत नाही.

समजा कंट्रोल लावला असता, तर प्रश्न सुटला असता का? हे गणित करून बघा, तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरातही येईल. १० पैकी ३ म्हणजे ३० टक्के, बरोबर? पण एवढ्या लहान नमुन्यावरून खरा रुजण्याचा दर ७ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. ९५ टक्के विश्वासांतर तेवढं रुंद येतं. पुढे जाऊ. समजा त्यांनी न खाल्लेल्याही १० बिया लावल्या असत्या आणि त्यातली एकही रुजली नसती. म्हणजे त्यांच्या गृहीतकाला सर्वांत सोयीचा निकाल: ३ विरुद्ध ०. फिशरची चाचणी लावा. पी-मूल्य साधारण ०.२१ येतं. म्हणजे खाण्या-न खाण्यानं काहीच फरक पडत नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता पाचात एक. एवढ्यावर कुठलाही गाईड तुम्हाला सिनॉप्सिसमध्ये ‘सिद्ध झालं’ लिहू देणार नाही.

इथं थांबून एक फरक ध्यानात घ्या. यावरून टेम्पल ‘चूक’ होते असं सिद्ध होत नाही. त्यांच्या प्रयोगातून त्यांचा निष्कर्ष निघत नाही, एवढंच कळतं. ते चूक होते का, हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो. तो पुरावा होता, आणि आधीपासून होता.

आधी छापलेलं कुणी वाचायचं?

१९७९ मध्ये ‘सायन्स’मध्येच मॉरिशसच्या वनखात्यातले ए. डब्ल्यू. ओवादाली यांनी आक्षेप छापला. मला हा मजकूर मूळ पेपरपेक्षा जास्त आवडतो. माणूस तिथला, जंगलात रोज वावरणारा. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे.

या बिया पक्ष्याच्या पोटातून न जाताही रुजतात. क्यू उद्यानाचे संचालक आर्थर हिल यांनी या बियांच्या रुजण्याचं वर्णन १९४१ मध्येच प्रसिद्ध केलं होतं, आणि वनखात्याच्या रोपवाटिकेतही त्या रुजल्या आहेत.

१९४१ मध्येच व्हॉन आणि विहे यांनी मॉरिशसच्या डोंगरावरच्या जंगलाचा अभ्यास छापला होता. त्यात या झाडाची तरुण रोपं आहेत, ज्यांचं वय शंभर वर्षांच्याही आतलं असणार. म्हणजे डोडो गेल्यानंतर कितीतरी काळानं ती रुजलेली आहेत.

झाड मुख्यतः उंचावरच्या पावसाळी जंगलातलं. डोडो तिथं राहत होता का, हाच प्रश्न आहे. या मुद्द्यावर मात्र जरा जपून. मेर ओ सोंज नावाच्या किनाऱ्याजवळच्या दलदलीत १८६५ पासून डोडोची हाडं सापडत आली आहेत, आणि तिथल्या अलीकडच्या उत्खननांत ताम्बालाकोकही त्या परिसरात होतं असं दिसलं. म्हणजे ओवादालींचा हा मुद्दा पुढे सैल पडला. टीका करणाऱ्याचं सगळंच बरोबर असतं, असंही समजू नका.

टेम्पल यांचं उत्तरही तिथंच छापलं आहे. मूळ पेपर, आक्षेप आणि उत्तर, तिन्ही एका बैठकीत वाचा. कोण कशाला उत्तर देतंय आणि कशाला बगल देतंय हे पेन्सिलीनं खुणा करत शोधा. शास्त्रीय वाद कसा चालतो हे शिकायला याहून स्वस्त शिकवणी नाही.

झाडांच्या वयाचं काय? या झाडाच्या खोडात मोजता येतील अशी वार्षिक वर्तुळं नसतात. मग ‘तीनशे वर्षं’ हा निव्वळ अंदाज उरतो. आणि नेमका तोच अंदाज डोडोच्या तारखेशी जुळतो म्हणून आपण भारावून जातो! संख्येचंही तेच. १३ च झाडं उरलीत ही मोजणीही कमी निघाली. नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार ती काही शे आहेत.

मग १९९१ मध्ये विटमर आणि चेक यांनी ‘ओइकोस’ नियतकालिकात या सगळ्याचा फेरविचार केला. त्यांनी बीकडेच नीट पाहिलं. कवच जाड आहे हे खरं, पण त्याभोवती एक कमकुवत रेघ असते. आतला कोंब फुगला की कवच त्या रेघेवर उकलतं आणि टोपी निघावी तसा तुकडा बाजूला होतो. बाहेरून घासून पातळ करायची गरजच नाही. आता परत त्या १७ बियांकडे बघा. ७ बिया पेषणीत फुटल्या होत्या. बी खाऊन फोडून टाकणारा प्राणी झाडाचा मित्र असतो की वैरी? टेम्पल यांचाच आकडा, पण तो या बाजूनं वाचायचं आपल्याला सुचत नाही, कारण गोष्ट आधीच आवडलेली असते.

दुसरा संशयित

समजा झाडं खरंच कमी झाली. झालीच आहेत. मग कारण काय? इथं तुम्हाला एक सवय लावून घ्यायला हवी. एक कारण पटलं की लगेच वही मिटू नका, बाकीच्या कारणांची यादी करा.

डोडो गेला त्याच सुमाराला बेटावरून आणखी कोण गेलं? राक्षसी कासवं गेली, रुंद चोचीचा पोपट गेला. दोघंही फळं खाणारे असण्याची शक्यता धरली जाते. त्याच काळात नवीन कोण आलं? माकडं, डुकरं, हरणं, उंदीर. कच्ची फळं पाडणारे, बिया कुरतडणारे, रोपं खाणारे. मग बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांनी जमीन व्यापली आणि ऊसमळ्यांसाठी जंगल तुटलं. म्हणजे एकाच काळात दहा गोष्टी बदलल्या आणि आपण त्यातली एक उचलली. का? कारण डोडो प्रसिद्ध आहे. कासवावर कुणी गोष्ट रचली नाही.

स्टीफन जे गूल्ड हे नावाजलेले विज्ञानलेखक. त्यांनीही या पेपरवर निबंध लिहिला. पण १९८० मध्ये तो पुस्तकात घेताना त्यांनी शेवटी पुरवणी जोडून ओवादालींचा आक्षेप वाचकांपुढे ठेवला. आपली गोष्ट पातळ होईल याची भीती न बाळगता. पाठ्यपुस्तकांनी मात्र बहुतेक वेळा गोष्ट घेतली आणि पुरवणी गाळली. मीही तेच केलं होतं, पुरवणी आहे हे माहीत नसताना.

तोच प्रश्न, नीट विचारलेला

आता तुम्ही म्हणाल, मग ‘प्राणी गेला की झाड जातं’ हे सगळं थोतांडच का? अजिबात नाही. त्याच मॉरिशसमध्ये हाच प्रश्न पुढे चांगल्या पद्धतीनं विचारला गेला.

बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ इल ओ एग्रेत नावाचं चिमुकलं बेट आहे, साधारण २५ हेक्टरचं. तिथं एका जातीच्या आबनूस झाडांची बेसुमार तोड झाली होती. फळं झाडाखाली पडायची आणि तिथंच राहायची, कारण ती खाऊन लांब नेणारी कासवं नामशेष झालेली. संशोधकांनी २००० पासून तिथं अल्डाब्रा बेटावरची राक्षसी कासवं आणून सोडली, नामशेष कासवांच्या जागी काम करायला. मग मोजणी केली. कासवाच्या पोटातून गेलेल्या बिया आणि न गेलेल्या बिया यांची तुलना केली, आणि जिथं आबनूस उरलाच नव्हता तिथं रोपं येतात का हेही पाहिलं. ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०११ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आला. पोटातून गेलेल्या बिया जास्त रुजत होत्या आणि तोडलेल्या भागात नवी रोपं उभी राहत होती.

म्हणजे टेम्पल यांची मोठी कल्पना, की प्राण्याबरोबर त्याचं कामही हरवतं, ती टिकली. त्यांचं उदाहरण मात्र टिकलं नाही. दोन्ही पेपर शेजारी ठेवले की फरक दिसतो, आणि तो मुख्यतः काकांच्या प्रश्नाचा आहे.

हे उरणला का सांगतेय

कारण माझं स्वतःचं काम इथल्या खाजणांतल्या पाणपक्ष्यांवर आहे, आणि त्या भाषणात मी पुढे जे बोलले त्यातही हाच घोटाळा होता.

पाणजेची पाणथळ तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. भरतीला खाडीकाठची चिखलाणी बुडाली की रोहित, शेकाट्या, तुतवार असे पक्षी थांबायला तिथं येतात, आणि ओहोटी लागली की पुन्हा चिखलावर चरायला जातात. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडवल्या जातात, अशा तक्रारी गेली कित्येक वर्षं होत आहेत. मी भाषणात ठोकून दिलं, ‘पाणी अडलं, पक्षी गेले. डोडोच्या झाडासारखंच.’

हे खरं असू शकतं. मला स्वतःला ते खरं वाटतं. पण मला वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. उद्या हेच वाक्य मी एखाद्या समितीपुढे म्हटलं आणि समोरून कुणी काकांसारखा प्रश्न विचारला तर? ‘बाई, तुम्ही मोजणी भरतीला केली की ओहोटीला? उधाणाला की भांगाच्या दिवसांत? पक्षी त्या वर्षी सगळीकडेच कमी आले होते का? जिथं पाणी अडलं नाही तिथं किती होते?’ उत्तर नसेल तर माझं काम बाजूला पडेलच, पण पाणथळीची बाजूही माझ्यामुळे कच्ची ठरेल. स्थलांतरित पक्ष्यांची संख्या दूरच्या प्रदेशांतल्या विणीच्या हंगामावर आणि वाटेतल्या पाणवठ्यांवरही ठरते. ते सगळं पाणजेच्या बांधावर ढकलता येत नाही.

म्हणून आता माझ्या आराखड्यात दोन जागा आहेत. एक, जिथं पाणी अडतं. दुसरी, तालुक्यातच, जिथं भरती मोकळी येते. दोन्हीकडे त्याच दिवशी, भरतीच्या त्याच टप्प्याला मोजणी. आणि शक्य तिथं पाणी अडायच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी. पद्धतीच्या पुस्तकांत याला ‘आधी-नंतर, बाधित-अबाधित’ धर्तीची रचना म्हणतात. काकांच्या भाषेत, शेजारी जुनं बियाणं टाकणं. मोजणीसाठी दुसरा माणूस लागतो, कारण मी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. त्यामुळे काम महाग झालं आणि एक हंगाम लांबलं. गाईडना ते सांगताना मला घाम फुटला होता. पण तुम्ही आराखडा करत असाल तर हा खर्च पहिल्याच वर्षी धरा. नंतर मागं जाऊन कंट्रोल लावता येत नाही. जी भरती येऊन गेली तिची मोजणी पुन्हा होत नाही.

आणि याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ आणि ‘संबंध नाही हे सिद्ध झालंय’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य ऐकवून दुसरं गळी उतरवणारे लोक तुम्हाला भेटतील, गुळगुळीत कागदावरच्या अहवालांमध्ये तर हमखास. तिथं गप्प बसू नका. पुरावा कमी आहे म्हणून भराव टाकायला मोकळीक मिळत नाही. मोजणी पूर्ण होईपर्यंत पाणी मोकळं ठेवा, असंही त्याच अपुऱ्या पुराव्यावरून म्हणता येतं. चुकून पाणी मोकळं राहिलं तर ते पुढे अडवता येतं. चुकून पाणथळ बुजली तर ती परत आणणं फार अवघड.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहिताना तुम्ही शेकडो पेपर उद्धृत कराल. सगळे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं होत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या पेपरवर तुमचं गृहीतक उभं आहे, ते तीन-चार तरी मूळातून वाचा, दुसऱ्यानं केलेल्या सारांशावर जाऊ नका. आणि प्रत्येकापुढे हे प्रश्न विचारा. तुलनेला काय ठेवलं होतं? नमुना केवढा होता, आणि निकाल सर्वांत सोयीचा लागला असता तरी काही सिद्ध झालं असतं का? वय, संख्या, तारीख यातलं मोजलेलं किती आणि अंदाजलेलं किती? त्याच काळात आणखी काय बदललं होतं? या पेपरला नंतर कुणी उत्तर दिलं का, विशेषतः त्या जागी राहणाऱ्या कुणी?

शेवटचा प्रश्न मी आधी यादीत धरत नव्हते. ओवादाली वाचल्यापासून धरते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञासाठी जे ‘तीनशे वर्षांत पहिलं रोप’ होतं, ते मॉरिशसच्या वनखात्यासाठी रोपवाटिकेतलं आणखी एक रोप होतं. आपल्याकडेही, तुम्ही ज्या गावात काम करणार आहात तिथं, मिठागरात, बांधावर, होडीत कुणीतरी असं बसलेलं असतं. त्यांना तुमचं गृहीतक सोप्या भाषेत सांगा आणि ते काय विचारतात ते लिहून घ्या.

पुढच्या महिन्यात उरणला पुन्हा बोलायचं आहे. या वेळी डोडोची गोष्ट सांगणार आहे, पण पूर्ण. टाळ्या कदाचित कमी पडतील. काकांना मात्र पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय.